गोष्टीचे पुस्तक अभ्यासाच्या टेबलावर नको

माझा मुलगा तिसरीत असताना मी एक शंभरपानी वही आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘मी वाचलेली पुस्तके’ असे लिहिले. प्रत्येक पुस्तक वाचून झाले की त्याचे नाव, लेखक, आवडलेले पात्र आणि पाच ओळींत सारांश त्याने तिच्यात लिहायचा, असा नियम ठरला. पहिल्या पंधरवड्यात चार नोंदी झाल्या, दुसऱ्या पंधरवड्यात एक, आणि पुढचे दोन-अडीच महिने त्याने पुस्तकाला हातच लावला नाही. पुस्तक संपवले की पाच ओळी लिहाव्या लागतात, एवढाच धडा तो त्या वहीतून शिकला होता. वही माळ्यावर गेली, तरी त्याचे वाचन पूर्ववत व्हायला एक अख्खा पावसाळा जावा लागला. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे अशाच चुका निस्तरताना हाती आले आहे. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या वेळी गोष्टीचे पुस्तक मीच उचलून अभ्यासाच्या शेजारी नेऊन ठेवलेले होते.

आधी कान, मग डोळे

वाचनाची गोडी लावायची म्हणजे मुलाला लवकर अक्षरे शिकवायची, असा समज घरोघरी आढळतो. प्रत्यक्षात अक्षरओळखीच्या कितीतरी आधी मुलाला पुस्तकातली भाषा कानांनी ओळखीची व्हावी लागते, आणि मराठीच्या बाबतीत ही गरज विशेष आहे. आपण घरात ‘पुस्तकं’, ‘झाडं’, ‘असं केलं’ असे बोलतो, पण छापील पानावर मुलाला बहुतेक वेळा ‘पुस्तके’, ‘झाडे’, ‘असे केले’ भेटते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापुरी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी हे अंतर आणखी मोठे असते. ज्या मुलाने पुस्तकातली मराठी कधी ऐकलेलीच नाही, त्याच्यासमोर वाचायला बसल्यावर एकाच वेळी दोन अडचणी उभ्या राहतात. एक अक्षरांची आणि दुसरी अनोळखी भाषेची. ऐकलेले असेल तर दुसरी अडचण उरत नाही.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याचा सल्ला ऐकला की काही पालकांना ही परदेशातून आलेली टूम वाटते. आपल्याकडे तर चातुर्मासात पोथी लावण्याची पद्धत होती. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ एक जण वाचत असे आणि ज्यांना अक्षरही वाचता येत नव्हते असे दहा-वीस जण वाती वळता वळता किंवा शेंगा फोडता फोडता ऐकत असत. त्यातली पोरे कुठल्या तरी अध्यायात मांडीवरच झोपी जात. त्या पोरांना पोथी किती कळत असेल हा प्रश्न कोणी विचारत नसे, आणि ते बरेच होते.

व्रतांच्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ अशा सुरू होतात. आटपाट म्हणजे काय, हे विचारणारे मूल मला क्वचितच भेटले आहे, कारण तो शब्द ऐकताच आता गोष्ट सुरू होणार एवढे त्याला समजते आणि तेवढे पुरते. वाचून दाखवताना प्रत्येक अवघड शब्दाशी थांबून अर्थ सांगत बसणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. तोच शब्द तीन-चार गोष्टींत आला की मूल अर्थ आपोआप जुळवते. त्याने स्वतःहून विचारले तर एका वाक्यात सांगावे आणि गोष्ट लगेच पुढे न्यावी.

मोठ्याने कसे वाचावे

वेळ रोज तीच असावी आणि ती थोडी असावी. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, अंथरुणे घातल्यानंतरची १५ ते २० मिनिटे बहुतेक घरांना जमतात. रविवारी दोन तास वाचून बाकीचा आठवडा कोरडा ठेवण्यापेक्षा रोजची १० मिनिटेही बरी. मुलाला पान दिसेल असे त्याला शेजारी किंवा मांडीवर घ्यावे. शिक्षक वर्गाला पुस्तक दाखवतात तसे समोर बसून वाचू नये. लहान मुलांच्या पुस्तकांत निम्मी गोष्ट चित्रांत असते. मजकुरात मांजराचा उल्लेखही नसतो आणि चित्रात ते दूध पीत असते. मुलाला ते आधी दिसते आणि आपल्याला मागाहून, तेव्हा पान उलटण्याची घाई करू नये.

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एक-दोन ओळी असलेली पुस्तके घ्यावीत. या वयात पुस्तक चावले जाईल, फेकले जाईल, उलटे धरले जाईल. त्याला पुस्तकाचा अनादर समजून रागावू नये. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करण्याचा आपला संस्कार चांगलाच आहे, पण त्याच्यापोटी पुस्तके कपाटात कुलूपबंद होणार असतील तर तो काही काळ बाजूला ठेवायला हरकत नाही. फाटलेले पान मुलाला सोबत घेऊन चिकटपट्टीने जोडावे. असे दुरुस्त केलेले पुस्तक पुढे अधिक जपले जाते, हे मी आमच्या घरी आणि शेजारीही पाहिले आहे.

तीन ते सहा या वयात मूल एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला सांगते. सलग वीस रात्री तीच गोष्ट वाचताना मोठ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तरीही वाचावे, कारण त्या वीस रात्रींत मुलाला मजकूर पाठ होत असतो, आणि पाठ झालेल्या मजकुरावर ते स्वतःचे पहिले वाचन बसवते. आपण एखादा शब्द गाळला की ते लगेच टोकते, त्या वेळी नेमका कोणता शब्द राहिला हे त्याला पानावर दाखवायला सांगावे. ओळीखालून बोट फिरवत वाचावे म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या त्या काळ्या खुणांचा आणि आवाजाचा संबंध त्याच्या ध्यानात येतो. बोट प्रत्येक अक्षराशी थांबवू नये, ते ओळीखालून सरकत राहावे.

आवाज बदलून वाचता आले तर उत्तम. चिमणीचा बारीक आवाज आणि कावळ्याचा घोगरा आवाज काढायला अभिनय येण्याची गरज नाही, थोडा संकोच सोडला की पुरते. घरातली बोली वेगळी असेल तर गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगावी आणि मग पुस्तकात छापल्याप्रमाणे वाचावी. वाचताना छापील शब्द बदलू नयेत आणि बोलीतल्या शब्दांना चूकही म्हणू नये. आजी असे बोलते आणि पुस्तकात तसे लिहितात, हे दोन्ही बरोबर आहे, इतके सांगितले की चार वर्षांच्या मुलालाही ते पटते.

सर्वांत जास्त मोह आवरावा लागतो तो गोष्ट संपल्यानंतर. ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारू नये. पाठ्यपुस्तकात धड्याखाली स्वाध्याय असतोच, तोच प्रश्न रात्री अंथरुणातही आला की मूल गोष्ट ऐकतानाच उत्तराची तयारी करू लागते. बोलायचेच असेल तर आपण आपले बोलावे. ‘मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला’ असे म्हणून गप्प बसावे. मूल सहमत असेल तर काही बोलणार नाही आणि नसेल तर भांडेल. त्या भांडणातून होणारी चर्चा कोणत्याही प्रश्नावलीतून होत नाही.

मूल स्वतः वाचायला लागले की बहुतेक घरांत मोठ्याने वाचणे बंद होते. ‘आता तुझे तू वाच’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो, मुलाला मात्र आई किंवा बाबा शेजारी बसणे थांबल्याचे जाणवते. दुसरी-तिसरीतले मूल जेमतेम दहा ओळी अडखळत वाचू शकते, पण त्याला समजू शकणारी गोष्ट त्याहून कितीतरी मोठी आणि गुंतागुंतीची असते. म्हणून मोठ्या गोष्टी आपण वाचून दाखवाव्यात, निदान सहावी-सातवीपर्यंत. एक पान तू आणि एक पान मी, अशी वाटणी करता येते. त्यात मोठ्याने आपले पान थोडे लांबवावे आणि उत्कंठेच्या जागी थांबून पुस्तक उशाशी ठेवून दिवा मालवावा. पुढे काय झाले हे कळेना म्हणून मूल दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर स्वतःच ते उघडण्याची शक्यता बरीच असते.

अक्षरे कुठे शिकावीत

देवनागरी वाचायला शिकताना अडचणीच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो, त्यामुळे ‘चिमणी’ वाचताना मूल क्षणभर थबकते. त्यानंतर जोडाक्षरे येतात आणि त्यांतही ‘र’चे चार प्रकार सर्वांत त्रास देतात. सुरुवातीच्या दिवसांत जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके मिळवावीत. तशी पुस्तके बाजारात मिळतात, दुकानदाराकडे याच शब्दांत मागावीत.

जोडाक्षरांसाठी मात्र पुस्तकापेक्षा रस्त्यावरच्या पाट्या अधिक उपयोगी पडतात. कुर्ल्याहून कल्याणला जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये मुलाला खिडकीशी बसवावे. कुर्ला येथे रफार भेटतो, विद्याविहारला ‘द्या’, विक्रोळीला ‘क्रो’, मुंब्र्याला ‘ब्रा’, ठाकुर्लीला पुन्हा रफार आणि शेवटी कल्याणला ‘ल्या’. अधूनमधून भांडुप, मुलुंड, कळवा, दिवा अशी सोपी स्थानके विश्रांतीसाठी असतात. गाडी थांबण्याआधी पाटी वाचून होते का, एवढाच खेळ. लोकल नसलेल्या गावांत एसटीच्या बसवरची पाटी हेच काम करते, आणि ‘कऱ्हाड’ ज्याला वाचता आले त्याला ‘ऱ्हा’ वेगळा शिकवावा लागत नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचे नाव, कालनिर्णयच्या पानांच्या मागचा मजकूर, भेळ खाऊन झाल्यावर हातात उरलेला वर्तमानपत्राचा तुकडा, यांतले काहीच ‘वाचन’ म्हणून पुढे येत नाही आणि म्हणून मूल ते आनंदाने वाचते.

ज्या घरात पालकांना स्वतःला वाचता येत नाही किंवा कमी येते, तिथेही काही अडत नाही. चश्मा सापडत नाही असे म्हणून आजीने नातवाकडून एकादशी कधी आहे ते कालनिर्णयात पाहून घेणे, विजेच्या बिलावरची शेवटची तारीख विचारणे, गावाहून आलेली पत्रिका वाचून घेणे यांत मुलाला आपले वाचणे कुणाच्या तरी गरजेचे आहे असे वाटते. चश्मा खरोखर सापडत नसेलच असे नाही.

इंग्रजी माध्यमातले मराठी मूल

इंग्रजी माध्यमात जाणारी मुले मराठी अस्खलित बोलतात, पण पाचवी-सहावीत पोहोचल्यावर मराठी पुस्तक हातात धरत नाहीत, अशी तक्रार शहरांतल्या घरांत सर्रास ऐकू येते. याचे कारण बहुधा भाषेविषयीचा कंटाळा नसून वेग असतो. इंग्रजी पान ते दोन मिनिटांत वाचते आणि मराठी पानाला सात मिनिटे लागतात. मुलाला मजकूर कळतो, पण डोळे इतके हळू सरकतात की गोष्टीचा रस निघून जातो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांमध्ये मराठी हा विषय सक्तीचा झाला असला, तरी आठवड्यातल्या काही तासिकांतून वाचनाचा वेग येत नाही. तो घरीच मिळवावा लागतो.

यावर उपाय म्हणजे काही काळ वयापेक्षा सोपे पण विषयाने बालिश नसलेले वाचन द्यावे. चित्रकथा, विनोद, कोडी, क्रिकेटच्या सामन्याचे वर्तमानपत्रातले वर्णन, दोन-तीन पानांच्या रहस्यकथा असे काहीही चालेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’सारख्या चित्रमालिकेत एका पट्टीत जेमतेम चार-सहा वाक्ये असतात आणि ती बोलीभाषेत असतात, त्यामुळे संथ वाचणारे मूलही हशापर्यंत वेळेवर पोहोचते. मराठी अंक ही आणखी एक अदृश्य अडचण आहे. पुस्तकात ‘५९’ आले की कितीतरी मुले आधी तो आकडा ओळखण्यासाठी आणि मग ‘एकोणसाठ’ हा शब्द आठवण्यासाठी थांबतात. पत्ते, सापशिडी, बाजारातला हिशेब अशा ठिकाणी हे अंक मराठीतून म्हणण्याची सवय ठेवली की ही ठेच लागत नाही.

मात्र मराठी वाचावे म्हणून इंग्रजी पुस्तक हातातून काढून घेऊ नये. ज्या मुलाला एका भाषेत पुस्तकाचे वेड लागले आहे, ते दुसऱ्या भाषेत येण्याची शक्यता असते. ज्याला कोणत्याच भाषेत लागले नाही, त्याच्याशी काम पहिल्यापासून सुरू करावे लागते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही हाच क्रम लागू पडतो, फक्त तिथे पाट्या नसतात आणि आजी बहुतेक वेळा पडद्यावर असते. तिलाच आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचायला सांगावी आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मुलाच्या हातात द्यावी.

पुस्तके कुठे ठेवावीत आणि कुठून आणावीत

दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेली पुस्तके पाहुण्यांसाठी असतात. मुलांची पुस्तके त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर, हात घालून काढता येतील अशी हवीत. वेगळे फडताळ नसेल तर भाजीची टोपली किंवा खिडकीच्या गजाला अडकवलेली कापडी पिशवीही चालते. शक्य असेल तिथे पुस्तकाचा कणा नव्हे, मुखपृष्ठ समोर यावे. पंधरा-वीस पुस्तके बाहेर ठेवून बाकीची पेटीत टाकावीत आणि महिन्या-दीड महिन्याने अदलाबदल करावी. पेटीतून परत आलेले जुने पुस्तक नव्यासारखे वाटते.

विकत घेण्यावाचून पुस्तके मिळवण्याचे मार्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ते वापरले फार कमी जातात. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालये तालुक्यांपासून खेड्यांपर्यंत पसरलेली आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झाले. अनेक ग्रंथालयांत बालविभाग असतो, त्याची अनामत आणि वर्गणी मोठ्यांच्या विभागापेक्षा कमी असते. बालविभाग नावापुरता असेल आणि कपाट बंद असेल तर ते उघडून द्या असे म्हणावे. मुलाच्या नावाचे स्वतंत्र कार्ड काढावे, त्यावर सही त्यालाच करू द्यावी आणि पुस्तक परत करण्याची तारीखही त्यालाच सांभाळू द्यावी. एखाद्या वेळी दंड पडेल. तो भरावा.

बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ हे मासिक काढत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि त्या मोफत उतरवून घेता येतात. मोबाइलवर वाचण्यात एक धोका असतो. गोष्ट चालू असतानाच वरून संदेशाची पट्टी घरंगळत येते आणि मूल गोष्टीतून बाहेर पडते. म्हणून अशा गोष्टी उतरवून घ्याव्यात, फोन विमान-अवस्थेत टाकावा आणि आपण शेजारी बसून वाचाव्यात, किंवा झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊन शिवाव्यात. घरी शिवलेले पुस्तक मुलाला भारी आवडते, कारण त्याच्या मुखपृष्ठावर चित्र काढायला कोणी हरकत घेत नाही.

रद्दीच्या दुकानात जुनी बालमासिके किलोने मिळतात. सोसायटीत किंवा गल्लीत पाच-सहा घरांनी मिळून एक पेटी फिरवली तर प्रत्येकाने चार पुस्तके घातल्यावर वीस-पंचवीस पुस्तके होतात. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्लास्टिकच्या वस्तूंऐवजी पातळ चित्रपुस्तके द्यावीत, खर्च सारखाच येतो. दिवाळीत मोठ्यांसाठी दिवाळी अंक येत असतील तर मुलाचा स्वतःचा, त्याच्या नावाचा एक बालअंक घ्यावा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा मराठी घरांची खास आहे आणि फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली की ती सहसा सुटत नाही. पुस्तकावर चकलीचे डाग पडतील.

सुटीत बाहेर जाणार असाल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरचे भिलार हे गाव वाटेतच आहे. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव म्हणून खुले झाले. तिथल्या घरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि त्यांत बालसाहित्यही आहे. मुलाला कुणाच्या तरी ओसरीवर तासभर सोडून द्यावे आणि आपण स्ट्रॉबेरी खावी. भिलारला जाऊन मुलांची पुस्तकांसोबत छायाचित्रेच काढत बसलेले पालकही पाहिले आहेत, त्याविषयी काही न बोललेले बरे.

निवड कोणाची

आपल्याला लहानपणी जे आवडले ते मुलालाही आवडावे, ही इच्छा फार प्रबळ असते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचून आपण रडलो म्हणून आपले मूलही रडले पाहिजे, असे मनात धरून आपण पुस्तक हातात देतो आणि ते दहाव्या पानावर मिटले की आपल्याला वाईट वाटते. अशी पुस्तके हातात देण्यापेक्षा वाचून दाखवावीत, कारण त्यातले जुने घर, कोकणातले जगणे आणि त्या काळची रीत मुलाला आपल्या आवाजातून आणि आपल्या आठवणींतून अधिक जवळची होते. मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकांची निवड मात्र त्याचीच असावी.

ग्रंथप्रदर्शनात गेल्यावर ‘दोनशे रुपये तुझे, काय घ्यायचे ते तू ठरव’ असे सांगून रक्कम खरोखर हातात द्यावी. मूल भुताची पुस्तके घेईल, विनोदांची घेईल, आतून निकृष्ट आणि बाहेरून चकचकीत असे काहीतरी घेईल. घेऊ द्यावे. वाईट पुस्तक वाचून फसगत झाल्याशिवाय चांगले ओळखता येत नाही, आणि ही फसगत दोनशे रुपयांत होते. पुस्तक झेपेल का हे पाहण्यासाठी मधलेच एखादे पान उघडून वाचायला सांगावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगावे. पानभरात पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक आपण वाचून दाखवण्यासाठी घ्यावे, तिने किंवा त्याने एकट्याने वाचण्यासाठी नको.

आठ ते बारा या वयात पुस्तकांच्या मालिका फार कामाच्या असतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एक गोष्ट आवडली की पुढच्या पुस्तकाची निवड करावीच लागत नाही, पात्रे ओळखीची असतात आणि सुरुवातीची दहा पाने, जिथे बहुतेक मुले पुस्तक सोडतात, सहज पार होतात. एकाच मालिकेत वर्षभर अडकलेल्या मुलाविषयी चिंता करू नये. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाविषयीही नको. आपणही कितीतरी पुस्तके अर्धवट सोडतो, फक्त आपल्याला कोणी विचारत नाही.

कवितांकडे पालकांचे दुर्लक्ष होते. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी लिहिलेल्या कवितांत शब्दांची जी उलटापालट आणि खोडसाळपणा आहे, तो मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही. अशी एखादी कविता भांडी घासताना किंवा स्कूटरवरून जाताना म्हणावी. ती कविता मूल महिनाभर घरात म्हणत राहते आणि आपल्याला नकोशी होते, एवढीच तिची किंमत.

बक्षिसे देऊ नयेत. ‘पन्नास पाने वाचलीस तर अर्धा तास मोबाइल’ या सौद्यात वाचन हे काम आणि मोबाइल ही मजुरी, असे आपणच ठरवून टाकतो. शेजारच्या मुलीने सुटीत किती पुस्तके वाचली हेही घरात सांगू नये. मुलाला पुस्तक वाचताना पाहून ‘शाब्बास’ म्हणण्याचीसुद्धा गरज नाही. जेवायला हाक मारल्यावर ‘एवढे पान संपवतो’ असे उत्तर आले तर ते पान संपू द्यावे, पोळी थोडी गार झाली तरी चालेल.

अडखळणारे मूल

तिसरी-चौथीतले मूल वाचायला बसले की डोके दुखते म्हणत असेल, ओळी गाळत असेल किंवा रोज वाचूनही अक्षरे त्याला नव्यासारखी वाटत असतील, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलाला गोष्टी ऐकण्याची आवड इतरांइतकीच असते, म्हणून त्याच्यासाठी मोठ्याने वाचणे आणि श्राव्य पुस्तके कधीही थांबवू नयेत. इतरांसमोर त्याला वाचायला लावू नये.

बारा वर्षांनंतर

सातवी-आठवीत क्लास सुरू होतात आणि अनेक मुलांचे वाचन तिथेच थांबते. वेळ कमी पडतो हे खरे आहे, पण बऱ्याचदा याच सुमारास पालकही अवांतर वाचनाला ‘वेळ वाया घालवणे’ म्हणू लागतात, आणि जे पाच वर्षे कौतुकाचे होते ते एकाएकी गुन्हा होते. या वयात पालकाने मागे सरकावे. मूल काय वाचते हे विचारण्यापेक्षा आपण जे वाचत आहोत ते उघडे टाकून उठावे. वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्याने वाचून तिच्यावर चिडावे, मुलाचे मत वेगळे असेल तर ऐकून घ्यावे. त्याने मोठ्यांच्या कपाटातले पुस्तक उचलले आणि ते त्याच्या वयासाठी थोडे लवकर आहे असे वाटले, तर हिसकावून न घेता आपणही ते पुन्हा वाचावे, म्हणजे त्याला काही विचारायचे झाल्यास समोर वाचलेला माणूस असेल. धाकटे भावंड असेल तर रात्रीची गोष्ट आठवड्यातून एकदा त्याच्याकडे सोपवावी आणि आपण दाराबाहेर थांबावे.

दहावीच्या वर्षी भिंतीवर वेळापत्रक लागते आणि त्यात पाच वाजता उठण्यापासून सगळे लिहिलेले असते. झोपण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे त्या वर्षीही पुस्तकाला द्यायला हरकत नाही, दिवसभराच्या प्रमेयांनंतर ती झोपेला मदतच करतात. फक्त ती मिनिटे वेळापत्रकात लिहू नयेत.